फुली नक्की कुणाची? डेस्कटॉप सॉफ्टवेअर आणि त्यांच्या विंडोंबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लोकांना कॉम्प्युटर शिकवताना सर्वांत जास्त वेळा कानावर पडलेलं वाक्य म्हणजे, "सर, मी काही केलं नाही, ते आपोआप गेलं." बहुतेकदा ते खरंच असतं. बिचाऱ्याने विंडोच्या कोपऱ्यातली बंद करायची फुली दाबलेली असते, एवढंच. ती फुली एका फाईलची आहे की अख्ख्या प्रोग्रामची, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. खालचे प्रश्न असेच आलेले आहेत. काही वर्गात, काही फोनवर, आणि एक तर लग्नाच्या पंगतीत, जिलबी वाढत असताना.

डेस्कटॉप ॲप्लिकेशन कशाला म्हणायचं? ब्राउझरमध्ये उघडतं तेही त्यातच येतं का?

जे तुमच्या मशीनवर बसवलेलं असतं, तिथेच चालतं, स्वतःची विंडो उघडतं आणि तुमच्या फोल्डरमधल्या फाईलींशी, प्रिंटरशी थेट बोलतं, ते डेस्कटॉप ॲप्लिकेशन. आउटलुक त्यात येतं; ब्राउझरमध्ये उघडलेलं जीमेल येत नाही. नेट गेलं तरी कालचं पत्र उघडून दुरुस्त करता येतं का, ही साधी कसोटी बऱ्यापैकी लागू पडते. हल्ली ही सीमारेषा पुसट झाली आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

यांचे एकूण प्रकार किती? परीक्षेत विचारतात.

परीक्षेसाठी वर्ड प्रोसेसर, स्प्रेडशीट, डेटाबेस, चित्रांचं, हिशेबाचं अशी यादी पाठ करा, गुण मिळतील. पण नवीन सॉफ्टवेअरसमोर बसल्यावर ती यादी कामाला येत नाही. तिथे मी दोनच गोष्टी बघतो. पहिली, विंडोची मालकी कुणाकडे आहे: फाईलकडे की प्रोग्रामकडे? दुसरी, हुकूम कसा द्यायचा: पडद्यावर दिसणाऱ्यातून निवडून की डोक्यात ठेवून? ही दोन उत्तरं सापडली की अनोळखी सॉफ्टवेअरही तासाभरात हाताखाली येतं.

एसडीआय आणि एमडीआय म्हणजे काय?

सिंगल डॉक्युमेंट इंटरफेस आणि मल्टिपल डॉक्युमेंट इंटरफेस.

एसडीआयमध्ये एक फाईल, एक विंडो. जुनं नोटपॅड आठवा. दुसरी फाईल हवी असेल तर दुसरं नोटपॅड उघडायचं. फुली दाबली की ती फाईल आणि ती विंडो दोन्ही जातात. समजायला याहून सोपं काही नाही.

एमडीआय म्हणजे वाडा. बाहेर एक मोठी विंडो, तिच्यात फाईलींच्या लहान विंडो, आणि आतल्या विंडो वाड्याच्या भिंतीबाहेर जाऊ शकत नाहीत. विंडोज ३.१ मधले प्रोग्राम मॅनेजर आणि फाईल मॅनेजर असेच होते. मेनूत 'विंडो' नावाचं एक खातं असायचं आणि त्यात 'कॅस्केड' आणि 'टाइल': आतल्या विंडो पत्त्यांसारख्या एकावर एक लावायच्या की फरशीसारख्या शेजारी शेजारी मांडायच्या, एवढाच प्रश्न. पुढे विंडोज ९५ पासून आतली विंडो मोठी केली की उजव्या कोपऱ्यात दोन फुल्या दिसायच्या, एकीखाली एक. वरची फुली वाड्याची, खालची खोलीची. कंट्रोल-एफ४ दाबलं तर खोली बंद, ऑल्ट-एफ४ दाबलं तर वाडा बंद. या दोन फुल्यांनी किती जणांचं किती काम बुडवलं असेल, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

वाड्याची कल्पना वाईट नव्हती, हे लक्षात ठेवा. पडदे लहान होते, मेमरी महाग होती आणि टास्कबार विंडोज ९५ बरोबर, म्हणजे १९९५ साली आला. त्याआधी दहा विंडो मोकळ्या सोडल्या असत्या तर त्या सापडल्याच नसत्या.

ऑफिसातल्या जुन्या मशीनवर एक्सेलची फुली दाबली की सगळ्या फाईली बंद होतात, घरी मात्र एकच होते. घरचं बिघडलंय का?

दोन्ही ठीक आहेत. ऑफिसात बहुधा एक्सेल २०१० किंवा त्याआधीचं आहे. तिथे एक्सेल वाडाच होता. टास्कबारवर प्रत्येक फाईलचं वेगळं बटण दिसायचं, पण ते नुसतं दिसण्यापुरतं. आत विंडो एकच. २०१३ च्या आवृत्तीत प्रत्येक वर्कबुकला, म्हणजे एक्सेलच्या फाईलला, स्वतःची विंडो आणि स्वतःची रिबन (वरची बटणांची पट्टी) मिळाली. दोन मॉनिटरवर दोन शीट शेजारी लावणाऱ्या अकाउंटंटांना त्या दिवशी हायसं वाटलं असणार. वर्डने ही वाट बरीच आधी, २००० च्या आवृत्तीत धरली होती.

पण एक्सेलने भिंती पाडल्या तरी जोतं तेच राहिलं. ते दोन ठिकाणी उघडं पडतं. एक, वेगवेगळ्या फोल्डरमधल्या पण एकाच नावाच्या दोन फाईली एक्सेल एका वेळी उघडू देत नाही. दोन, कंट्रोल-झेड सगळ्या उघड्या वर्कबुकांना मिळून एकच आहे. पगाराच्या शीटमधलं काही परत फिरवायला जाल आणि जीएसटीच्या शीटमधला आकडा मागे जाईल. हे ज्याच्या बाबतीत घडलंय त्याला ते भूत वाटतं. विंडो वेगळ्या दिसत असल्या तरी घर एकच आहे, हे कळलं की भीती जाते. राग राहतो.

मग टॅब कुठून आले?

वाडा आणि सुट्या विंडो, दोघांचे त्रास झाल्यावर काढलेली ती तडजोड. एक विंडो, पण आतल्या फाईली तरंगत नाहीत. वर कानासारख्या पट्ट्या, एका वेळी एकच पान समोर. ब्राउझरांनी टॅब लोकप्रिय केले. २००४ साली फायरफॉक्स आलं तेव्हा अनेकांनी केवळ टॅबसाठी ते घेतलं, आणि इंटरनेट एक्सप्लोररला टॅब मिळायला २००६ मधली सातवी आवृत्ती यावी लागली. विंडोज ११ मध्ये तर फाईल एक्सप्लोरर आणि खुद्द नोटपॅडलाही टॅब आले. एसडीआयचं उदाहरण म्हणून इतकी वर्षं फळ्यावर नोटपॅड लिहिलं, आता 'जुनं' हा शब्द आधी लावावा लागतो.

टॅबची एक खोड सांगून ठेवतो: दोन फाईली शेजारी ठेवून ताडून बघायच्या असतील तर टॅब आडवा येतो. तो टॅब पकडून विंडोबाहेर ओढा. आजकालच्या बहुतेक प्रोग्रामांत त्याची वेगळी विंडो होते.

गिम्प उघडलं की त्याचे तुकडे सगळीकडे पसरायचे. तसं का होतं?

गिम्प हे चित्रांचं सॉफ्टवेअर. त्यात अवजारांची एक विंडो, लेयरची दुसरी, चित्राची तिसरी, आणि सगळ्या मोकळ्या. लिनक्सवर एक अख्खा वर्कस्पेस गिम्पला देऊन बसणाऱ्यांना ते आवडायचं. विंडोजवर मात्र मागचा डेस्कटॉप फटींतून दिसत राहायचा आणि क्लिक भलतीकडेच पडायचं. २०१२ मधल्या २.८ आवृत्तीत एका विंडोत सगळं आणायची सोय आली. 'विंडोज' मेनूत 'सिंगल-विंडो मोड' वर खूण करा, विषय संपला.

मॅकवर लाल बटण दाबलं तरी प्रोग्राम खाली चालूच दिसतो. तो बंद का होत नाही?

कारण तिथे ते लाल बटण विंडोचं आहे, प्रोग्रामचं नाही. मॅकमध्ये प्रोग्राम विंडोशिवायही जिवंत राहू शकतो. दुकान उघडं, गिऱ्हाईक नाही, इतकंच. कमांड-डब्ल्यू म्हणजे विंडो बंद, कमांड-क्यू म्हणजे प्रोग्राम बंद. सिस्टिम सेटिंग्जसारखे काही एका विंडोचे प्रोग्राम मात्र विंडोबरोबरच निघून जातात, त्यामुळे नवख्याचा गोंधळ वाढतो.

मेनूचंही तसंच. विंडोजमध्ये मेनू प्रत्येक विंडोच्या कपाळावर असतो. मॅकमध्ये १९८४ पासून पडद्याच्या वरच्या कडेला एकच पट्टी, आणि जो प्रोग्राम पुढे असेल त्याचा मेनू तिथे येतो. यामागे एक छान हिशेब आहे. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेला नियम सांगतो की लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितका हात लवकर पोचतो. पडद्याच्या कडेला बाण आपोआप अडतो, पुढे जातच नाही, म्हणून कडेवरची पट्टी दिसायला बोटभर असली तरी हाताला प्रचंड उंच वाटते. माऊस वर ढकलून द्यायचा, नेम धरायची गरज नाही. हा हिशेब लहान पडद्यांच्या काळातला, हेही खरं. सत्तावीस इंची मॉनिटरच्या खालच्या कोपऱ्यातून वरच्या पट्टीपर्यंत जाणं म्हणजे डोंबिवलीहून चर्चगेट.

कुठेही क्लिक केलं की 'टण्' वाजतं आणि काहीच होत नाही. हँग झालंय का?

बहुधा नाही. कुठेतरी एक डायलॉग बॉक्स तुमच्या उत्तराची वाट बघत उभा आहे आणि तो मोठ्या विंडोमागे लपलाय. ऑल्ट-टॅबने शोधा, नाहीतर एकदा एस्केप दाबून बघा. रीस्टार्टचं बटण दाबू नका.

डायलॉग दोन जातींचे असतात. 'मोडल' म्हणजे दार अडवून बसणारा: उत्तर दे, मग पुढे जा. 'सेव्ह ॲज' हा असा. 'मोडलेस' बाजूला उभा राहतो आणि तुम्हाला काम करू देतो. वर्डमधला 'फाइंड' तसा. मॅकने २००१ मधल्या ओएस टेनमध्ये मधली वाट काढली. डायलॉग त्या फाईलच्या विंडोलाच चिकटून खाली सरकतो, त्यामुळे अडते ती एकच फाईल आणि प्रश्न कुणाचा आहे हेही दिसतं. मला तिन्हींत हीच पद्धत सभ्य वाटते.

मोड, मोडल हे शब्द सारखे येतात. मोड म्हणजे काय?

तेच बटण, पण प्रोग्रामच्या मनःस्थितीनुसार वेगळा परिणाम, याला मोड म्हणतात. कॅप्स लॉक हा सगळ्यांच्या ओळखीचा मोड. १९७६ मध्ये बिल जॉय यांनी लिहिलेला व्हीआय हा एडिटर याचा मेरुमणी: एका मोडमध्ये अक्षरं टाइप होतात, दुसऱ्यात तीच अक्षरं हुकूम बनतात. ज्यांच्या बोटांत तो बसला त्यांना दुसरं काही सुचत नाही. बाकीच्यांना त्यातून बाहेरच पडता येत नाही.

उलट बाजूला लॅरी टेस्लर. झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात सत्तरच्या दशकात त्यांनी कट, कॉपी, पेस्टला आजचं रूप दिलं. मोडशी त्यांचं असं हाडवैर की गाडीच्या नंबरप्लेटवरही 'नो मोड्स' लिहून घेतलं होतं. आधी मजकूर निवडा, मग काय करायचं ते सांगा, हा आज आपल्याला जन्मजात वाटणारा क्रम अशाच भांडणातून रुळला. २०२० मध्ये ते गेले.

आपण मराठी टाइप करणारे मात्र रोज मोडमध्येच जगतो. कीबोर्ड इन्स्क्रिप्टवर, म्हणजे मराठीच्या मांडणीवर, राहून गेला आणि तुम्ही इंग्रजी समजून 'लिंक' या शब्दाची चार बटणं दाबलीत की पडद्यावर उमटतं 'तगलक'. महंमद तुघलकाची आठवण करून देणारी ही चूक मी आठवड्यातून दोनदा तरी करतो. पासवर्डच्या चौकटीत तर नुसते ठिपके दिसतात, म्हणून तिथे चूक कळतही नाही. 'पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाही' अशी तक्रार घेऊन कुणी मराठी माणूस आला की मी आधी टास्कबारवरचं भाषेचं चिन्ह बघतो.

रिबन का आणली? जुने मेनू चांगले होते.

चांगले होते, पण भरून वाहत होते. वर्ड २००३ पर्यंत टूलबारची संख्या तीसच्या आसपास गेली होती. मधे ऑफिस २००० मध्ये 'क्वचित वापरलेले पर्याय लपवणारा मेनू' हा प्रयोग झाला. म्हणजे काल दिसलेली गोष्ट आज जागेवर नाही. स्वयंपाकघरातले डबे रोज कुणीतरी हलवून ठेवावेत तसं ते होतं. लोक कंपनीकडे नव्या सोयी मागायचे आणि त्यातल्या कितीतरी प्रोग्राममध्ये आधीपासून असायच्या, फक्त सापडायच्या नाहीत. म्हणून ऑफिस २००७ मध्ये मेनू आणि टूलबार दोन्ही काढून, कामानुसार गट पाडलेली रिबन बसवली. टेबलात क्लिक केलं की टेबलाचे टॅब दिसतात, बाहेर आलं की जातात.

मी स्वतः पहिलं वर्षभर रिबनला शिव्या घातल्या. नंतर लक्षात आलं की नवीन विद्यार्थी तिच्यावर पटकन शिकतात. रडणारे आम्ही जुनेच होतो. आणि जुन्यांचीही सोय ठेवलेली आहे. एक्सेलमध्ये ऑल्ट, मग ई, मग एस दाबा. २००३ च्या मेनूतलं 'पेस्ट स्पेशल' आजही उघडतं. त्याहून जुनी गंमत म्हणजे तिरक्या रेघेचं बटण. ते दाबलं की ऑल्ट दाबल्यासारखी रिबन जागी होते, कारण १९८३ च्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटमध्ये मेनू त्या बटणाने उघडायचा आणि तिथून आलेल्यांची बोटं एक्सेलला दुखवायची नव्हती.

टॅलीवाले माऊसला हात का लावत नाहीत?

कारण त्यांना लावावा लागत नाही. १९८६ मध्ये बंगळुरूत श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोएंका यांनी सुरू केलेल्या कंपनीचं हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजच्या आधीच्या डॉसच्या जमान्यातलं, आणि विंडोजवर आल्यावरही त्याने आपली चाल सोडली नाही. एफ४ कॉन्ट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. एंटरने पुढे, एस्केपने मागे, कंट्रोल-ए ने व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, मंजूर. व्हाउचर भरताना पार्टीचं खातंच नाही असं दिसलं तर ऑल्ट-सी: तिथल्या तिथे खातं तयार होतं आणि तुम्ही अर्ध्या सोडलेल्या ओळीवर परत येता. पडदे एकावर एक रचले जातात आणि त्याच क्रमाने उतरतात. यात वाडा नाही, सुट्या विंडो नाहीत. ही जिन्याची रचना आहे.

दिसायला कोरडं आहे, मान्य. पण मार्चअखेरीला एका हाताने बिलांचा गठ्ठा उलटत, मान वर न करता दिवसाला काही शे व्हाउचर भरणाऱ्या माणसाकडे बघा. त्याला सुंदर बटणं दिलीत तर तो तुम्हाला परत करील. पहिल्या दिवशी सोपं वाटणारं आणि हजाराव्या दिवशी वेगवान असणारं, ही बहुतेकदा दोन वेगळी सॉफ्टवेअर असतात.

काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं दिसतात, तेही ॲप्लिकेशनच का?

हो, त्याला कमांड लाइन म्हणतात. मॉनिटरच्या शोभेवर खर्च न करणारं. फाईलींची हजार नावं एका दमात बदलायची असतील तर त्याला पर्याय नाही. फोटो कापायचा असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

विझार्ड आणि घड्याळाशेजारची छोटी चिन्हं कुठल्या प्रकारात मोडतात?

विझार्ड म्हणजे 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश'. वर्षातून एकदा करायच्या कामाला उत्तम, रोजच्या कामाला छळ. घड्याळाजवळचे प्रोग्राम, अँटीव्हायरस वगैरे, विंडोशिवाय जगतात. त्यांची फुली दाबली की ते जात नाहीत, नुसते कोपऱ्यात जाऊन बसतात. खरंच घालवायचे असतील तर चिन्हावर राइट क्लिक करून 'एक्झिट'.

हल्लीचे प्रोग्राम डेस्कटॉपचे म्हणवतात, पण दिसतात वेबसाइटसारखे. आणि मेमरी किती खातात!

कारण आत वेबसाइटच असते. २०१३ मध्ये गिटहब या कंपनीने ॲटम शेल नावाने सुरू केलेलं आणि पुढे इलेक्ट्रॉन म्हणून नावारूपाला आलेलं तंत्र प्रत्येक प्रोग्रामबरोबर क्रोमियम ब्राउझरचं पूर्ण इंजिन बांधून देतं. व्हीएस कोड, स्लॅक, डिस्कॉर्ड ही त्याचीच अपत्यं. बनवणाऱ्याचा फायदा उघड आहे: एकदा लिहा, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालवा. किंमत तुमची रॅम मोजते. चार प्रोग्राम उघडले म्हणजे चार ब्राउझर उघडले. शिवाय यातले बरेचसे प्रोग्राम कुठल्याच सिस्टिमचे रीतिरिवाज पाळत नाहीत. बटण कुठे, मेनू कुठे, सगळं त्यांच्या मनावर. प्रोग्राम लिहायच्या व्हीएस कोडला मात्र मी माफ करतो. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून हवं ते काम नावाने शोधायची त्याची पद्धत म्हणजे मेनू आणि काळा पडदा यांचं लग्न आहे, आणि ते टिकलंय.

मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानासाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतोय. कुठली रचना घेऊ?

(पंगतीतला प्रश्न तो हाच.) एकच विंडो घ्या, पूर्ण पडदा. एंटरने पुढच्या रकान्यात जाता आलं पाहिजे. मालाच्या नावाची तीन अक्षरं टाइप केली की यादी आली पाहिजे. बिल अर्धं असताना दुसरं गिऱ्हाईक उभं राहतं, तेव्हा पहिलं बिल बाजूला ठेवून दुसरं सुरू करता यावं. त्यासाठी टॅब पुरतात. आणि प्रत्येक बिलानंतर 'यशस्वीरीत्या सेव्ह झाले, ओके' असा डायलॉग टाकू नका. दिवसात दोनशे वेळा ओके दाबणारा माणूस दोनशे एकाव्या वेळी 'हे बिल डिलीट करू का?' यालाही वाचल्याशिवाय ओके म्हणतो.

मेनू मराठीत करायचे आहेत. नुसतं भाषांतर पुरेल ना?

नाही पुरणार. पहिली अडचण उंचीची. इंग्रजी अक्षरं मोजून बेतलेल्या बटणात वेलांटी, रफार, अनुस्वार वरून कापले जातात आणि उकार खालून. 'र्कीं'सारखं काहीतरी मुद्दाम टाइप करून बघा. दुसरी अडचण ऑल्टच्या शॉर्टकटची. इंग्रजी मेनूत 'फाईल'च्या एफखाली रेघ असते. देवनागरीत कुठल्या अक्षराखाली मारणार, आणि तेव्हा कीबोर्ड कुठल्या भाषेत असणार? म्हणून लिनक्सवरच्या गनोमसारख्या मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतरांत शब्दापुढे कंसात रोमन एफ ठेवलेला दिसतो. दिसायला खटकतं, पण चालतं.

तिसरी अडचण शब्दांची. 'संपादन' चालेल, 'दृश्य' ओढूनताणून चालेल, पण 'सेव्ह'चं 'जतन करा' केलंत तर एकदा दुकानदाराला विचारून घ्या. मी विचारलं होतं. तो म्हणाला, "ते जतनबितन असू दे, सेव्ह कुठंय?"